छायाचित्रातले तीन मासे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरगुती मत्स्यालयावर आलेला लेख मी दोनदा वाचला. लेखाबद्दल माझी तक्रार नाही. फिल्टर हवा, टँक थेट उन्हात ठेवू नये, दाणे कमी घालावेत, हे सगळं बरोबरच आहे. तक्रार आहे ती सोबतच्या छायाचित्राबद्दल. काचेचं गोल भांडं, त्यात एक गोल्डफिश, एक एंजल आणि एक निळाजांभळा फायटर, आणि काचेला नाक लावून बघणारी एक लहान मुलगी. लेख किती जणांनी शेवटपर्यंत वाचला असेल कोण जाणे, चित्र मात्र सगळ्यांनी पाहिलं असणार. ते पाहून सोमवारी कोणी तसेच तीन मासे घरी आणले असतील, तर त्यांच्यासाठी हे पत्र. सहा वर्षांपूर्वी मीही तेच केलं होतं.

मी अठ्ठावीस वर्षं मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते. कोणाला कोणाच्या खोलीत टाकायचं हा माझा दर वर्षाचा उद्योग. रात्री दोनपर्यंत दिवा जाळणारी आणि नऊला आडवी होणारी एका खोलीत आल्या, की आठवड्याभरात दोघी रडत माझ्या दारात. दोघी स्वभावानं चांगल्या असल्या तरी. एवढं कळणाऱ्या बाईनं मासे आणताना अक्कल कुठे गहाण टाकली, हे मलाही कोडंच आहे.

निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी दोन फुटी टँक भेट दिला. त्याच संध्याकाळी पाणी भरलं आणि दुसऱ्या दिवशी मासे आणले. यादी अजून पाठ आहे. गोल्डफिश दोन, एंजल दोन, टायगर बार्ब दोन, निऑन टेट्रा सहा, फायटर एक आणि काच चाटून साफ ठेवतो म्हणून एक सकर. चौदा जीव. मी विक्रेत्याला एकच प्रश्न विचारला, "हे एकमेकांत भांडत नाहीत ना?" तो म्हणाला, "नाही हो, सगळे शांत आहेत." तो खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. त्याच्या टाकीत ते खरंच शांत होते, कारण सगळी पिल्लं होती. शिवाय माझा प्रश्नच अपुरा होता. मासे एकमेकांना चावत नाहीत म्हणजे ते एकमेकांना जमतात, असं अजिबात नाही. माझे पहिले चार मासे कोणाच्याही चाव्यानं मेले नाहीत.

ते मेले पाण्यानं. चौथ्या दिवशी टँक दुधाळ झाला आणि दोन्ही गोल्डफिश वर येऊन तोंड उघडझाप करू लागले. त्यांना भूक लागली असेल म्हणून मी आणखी दाणे घातले! आठवडा संपेपर्यंत दोन्ही गोल्डफिश आणि दोन निऑन गेले. पाणी वरून स्वच्छ दिसतं आणि त्यात अमोनिया असतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मासा आपल्या शरीरातला बहुतेक अमोनिया कल्ल्यांवाटेच बाहेर टाकतो, उरलेले दाणे आणि विष्ठा कुजून त्यात भर पडते, आणि तोच अमोनिया पुन्हा कल्ले जाळतो. जुन्या, मुरलेल्या टँकमध्ये फिल्टरच्या स्पंजवर जिवाणूंची वस्ती असते. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही विषारीच, ते रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद काढून घेतं. नायट्रेट त्या मानानं सौम्य, दर आठवड्याला पाव टँक पाणी बदललं की आटोक्यात राहतं. ही वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. मी तिला एक रात्र दिली होती.

म्हणजे नव्या टँकला पहिल्या दिवशी कुठलाच मासा जमत नाही, हे आधी लक्षात घ्यायला हवं. त्यातून गोल्डफिश तर मुळीच नाही. त्याला जठर नसतं, खाल्लेलं सरळ आतड्यात जातं आणि भराभर बाहेर पडतं. नाजूक दिसणारा हा मासा टँकमधला सगळ्यात मोठा घाण करणारा. वर त्याला थंडावा लागतो, १८ ते २२ अंश. एंजल, निऑन, फायटर यांना २४ ते २८ अंश. आपल्या छायाचित्रातला गोल्डफिश आणि फायटर जन्मात भांडले नाहीत, तरी एकाच भांड्यात दोघेही सुखी राहतील असं तापमान नाही. आणि भांडं गोल! फुगीर पोटाच्या भांड्याला गळ्यापर्यंत भरलं की हवेला भिडणारा पाण्याचा पृष्ठभाग चिमूटभर उरतो, आणि प्राणवायू येतो तो तिथूनच. फिल्टरला तर त्यात जागाच नसते.

फायटरची गोष्ट वेगळी. त्याला मारलं ते दोन टायगर बार्बनी, आणि त्यात दोष बार्बचा नाही. टायगर बार्ब कळपातला मासा. आठ-दहा असले की दिवसभर आपापसात पाठलाग, ढुशा, मानपान चालू असतो आणि इतरांकडे बघायला सवड नसते. दोनच ठेवले की ती सगळी खोडी बाहेर निघते. फायटरचे लांब झुळझुळणारे पर तर त्यांच्यासाठी खेळणंच. रोज थोडा थोडा पर कमी व्हायचा. आधी कडा दातेरी झाल्या, मग मधून फाटलं, मग नुसत्या काड्या राहिल्या. तो वर हवा घ्यायला यायचा (त्याच्या डोक्यात हवेतून श्वास घेण्याची वेगळी सोय असते, त्यामुळे त्याला वर यावंच लागतं) तेव्हा दोघे खाली वाटच बघत असायचे. पंधराव्या दिवशी मी त्याला काढून वेगळ्या बरणीत ठेवलं, पण परांवर पांढरी बुरशी चढली होती. लोकांना वाटतं फायटर सगळ्यांना मारतो. नर फायटर दुसऱ्या नर फायटरला मारतो, आरशातल्या स्वतःवरही धावून जातो, हे खरं आहे. पण मिश्र टँकमध्ये मार खाणारा बहुतेक वेळा तोच असतो.

यानंतर सात-आठ महिने सगळं छान चाललं होतं. उरलेले चार निऑन, दोन एंजल, दोन बार्ब, सकर. एंजल नखाएवढ्या होत्या, त्या तळहाताएवढ्या झाल्या. मला त्यांचं फार कौतुक. मग एके दिवशी निऑन तीन दिसले. चौथा मरून फिल्टरमध्ये ओढला गेला असेल म्हणून फिल्टर उघडला. नव्हता. आठवड्यानं दोन झाले. वरच्या झाकणाच्या फटीतून उडी मारली असेल म्हणून कपाटामागे विजेरी मारून पाहिलं. तिथेही नव्हता.

एका पहाटे साडेपाचला मी टँकचा दिवा लावला. मोठी एंजल कोपऱ्यात निश्चल उभी होती. तिच्या तोंडातून शेपटी बाहेर आली होती आणि शेपटीच्या मुळाशी तो तांबडा पट्टा अर्धा दिसत होता. ती झटापट करत नव्हती, घाईतही नव्हती. नुसती थांबली होती, कल्ले उघडत-मिटत. मी बोटानं काच वाजवली. तिनं डोळा माझ्याकडे वळवला, एक आवंढा गिळावा तसं केलं, आणि शेपटी आत गेली. मग ती नेहमीसारखी दाण्यांसाठी समोर आली.

दोघेही ॲमेझॉनच्या खोऱ्यातले, दोघांनाही मऊ, किंचित आम्लधर्मी, उबदार पाणी लागतं. कोणत्याही तक्त्यात ही जोडी 'चालेल' या रकान्यात बसेल. आणि बसतेच, कित्येक दिवस. जोवर निऑन एंजलच्या तोंडात मावत नाही तोवर. एंजल पूर्ण वाढली की लांबीला सुमारे १५ सेंटिमीटर आणि परांसकट उंचीला त्याहूनही जास्त भरते. निऑन साडेतीन सेंटिमीटरवर थांबतो, आणि सुतळीसारखा बारीक. तोंडात मावतो तो मासा मित्र नसतो, खाणं असतं. विकत घेताना दोघांची लांबी जवळजवळ सारखी होती, म्हणून मला हे सुचलं नाही.

संपादक महोदय, पत्राला कात्री लावायची असेल तर कुठेही लावा, पण पुढचा परिच्छेद तेवढा ठेवा.

दुकानात दिसतो तो मासा नसतो, माशाचं पिल्लू असतं. दोन इंची सकर म्हणून मी जो आणला, तो दीड वर्षात वीतभर झाला. मोठ्या जातीचा सकर ४० सेंटिमीटरच्या पुढे जातो. माझा टँक ६० सेंटिमीटर लांब आणि ३० रुंद, त्यात त्याला धड वळताही येत नव्हतं. 'शार्क' म्हणून जे चंदेरी, चपळ मासे विकतात, ते शार्क नव्हेत. ती पंगासियस जातीची मांजरमासळी आहे आणि नदीत ती मीटरभराच्याही पुढे वाढते. ऑस्कर तिळाएवढ्या डोळ्यांनी आपल्याकडे बघतो आणि वर्षभरात फूटभराचा होऊ लागतो. लाल शेपटीचा काळा शार्क तेवढा मोठा होत नाही, पण मोठा झाला की एक कोपरा धरतो आणि बाकीच्यांना टँकभर पळवतो. आणि 'टँक लहान असला की मासा टँकपुरताच वाढतो' असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. त्याची वाढ खुंटते ती त्या पाण्याच्या त्रासानं, समजूतदारपणानं नव्हे, आणि तो लवकर मरतो.

'चार लिटरला एक इंच मासा' हा हिशेबही मी वापरून पाहिला आहे. सोपा आहे आणि फसवा आहे. एक इंची दहा मासे आणि दहा इंची एक ऑस्कर, दोन्हींची बेरीज दहा इंच. पण लांबी दहापट झाली की रुंदी आणि जाडीही साधारण तेवढ्याच पटीत वाढते, म्हणजे वजन हजारपटीच्या घरात. दहा छोट्यांच्या बरोबरीला तो एकटा शंभरपट अंगाचा, आणि घाण अंगाच्या मानानं. ६० बाय ३० बाय ३० सेंटिमीटरच्या टँकमध्ये गणितानं ५४ लिटर मावतात. खडी, दगड आणि वरची मोकळी जागा धरता माझ्याकडे ४५ लिटरच भरतात. मासे त्या ४५चे मोजायचे.

दुसऱ्या खेपेला मी शहाणी झाले, पण पूर्ण नाही. सकर आणि एंजल मोठा टँक असलेल्या ओळखीच्यांकडे गेल्या. बार्बना दुसऱ्या एकांच्या बार्बच्या कळपात जागा मिळाली. (नदीत, तळ्यात, विहिरीत सोडू नका हो. सकर अनेक देशांत असाच बाहेर सुटला, काठात बिळं करून राहिला आणि आता तो तिथून हलत नाही.) मग मी टँक रिकामा करून सगळं घासूनपुसून लख्ख केलं. स्पंज नळाखाली धुतला, उन्हात वाळवला. वसतिगृहाची सवय! दीड वर्षं बसलेली जिवाणूंची वस्ती मी एका दुपारी क्लोरीनच्या पाण्यानं आणि उन्हानं मारून टाकली. आता स्पंज धुते ती टँकमधूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात, दोनदा पिळून, बस्स.

यावेळी मासे न सोडता फिल्टर चालू ठेवला आणि रोज चिमूटभर दाणे टाकत राहिले, कुजायला. पाणी तपासायचे थेंब आणले. ते नळीतल्या पाण्यात टाकले की अमोनिया, नायट्राइट किती आहे ते रंगावरून कळतं. वहीत रोजचा रंग लिहून ठेवला आहे. आधी अमोनियाची नळी हिरवी, मग ती पिवळी पडत गेली आणि नायट्राइटची जांभळी. चौतिसाव्या दिवशी दोन्ही नळ्यांचा रंग 'विष नाही' असा निघाला. चौतीस दिवस रिकामा टँक बघत बसणं हे काम सोपं नाही. घरी येणारा प्रत्येक जण विचारायचा, मासे मेले का?

त्या चौतीस दिवसांत एक चांगलं झालं. माझं पाणी कसं आहे ते मला कळलं. ते जड निघालं, क्षार भरपूर, पीएच (पाणी किती आम्लधर्मी ते सांगणारा आकडा) ७.८. निऑनला हवं साडेसहाच्या आसपास. पीएचमधला एक आकडा म्हणजे दहापट फरक, त्यामुळे 'थोडंसंच तर जास्त आहे' असं म्हणता येत नाही. औषधं ओतून पाणी मऊ करता येतं म्हणे. दर आठवड्याला ते करत बसण्यापेक्षा त्या पाण्यात आनंदानं राहणारे मासे आणणं मला सोपं वाटलं. निऑन मला अजूनही सगळ्यात जास्त आवडतो. पण माझ्या नळाला तो आवडत नाही, आणि टँक नळाच्या पाण्यावर चालतो, माझ्या आवडीवर नाही. गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल ही पिल्लं घालणारी मंडळी जड पाण्यात खुशीत असतात.

मग दुकानात जाऊन मी पहिल्यांदा माशांची तोंडं पाहिली. शब्दशः तोंडं. हे कोणी सांगत नाही आणि सांगायला हवं. ज्याचं तोंड वरच्या बाजूला उघडतं तो पृष्ठभागावर खाणारा, गप्पीसारखा. ज्याचं नाकासमोर सरळ, तो मधल्या पाण्यातला, बहुतेक टेट्रा आणि बार्ब तसे. ज्याचं खाली वळलेलं आणि बाजूला मिशा, तो तळाचा, कोरिडोरस किंवा लोच. इमारतीचे मजले असतात तसंच. सगळ्यांना एकाच मजल्यावर कोंबलं की गर्दी, तीन मजल्यांवर वाटलं की तेवढेच मासे ऐसपैस राहतात. खाण्याचा वेगही बघायचा. झेब्रा डॅनिओसारखे चपळ मासे दाणे खाली पोचूच देत नाहीत, आणि हळू खाणारा बिचारा टँक भरलेला असूनही उपाशी.

प्लॅटी पाच घेतल्या, सगळे नर. मादी घेतली तर साधारण महिन्याला पिल्लं, आणि नर नसला तरी काही उपयोग नाही. गप्पी-प्लॅटीच्या माद्या शुक्रपेशी साठवून ठेवतात आणि कित्येक महिने एकट्याच बाळंत होत राहतात. नर-मादी दोन्ही हवे असतील तर एका नरामागे दोन-तीन माद्या, नाहीतर एकच मादी पाठलागानं दमून मरते. प्लॅटी दोन आठवडे रुळल्या, थेंबांचे रंग जागेवर राहिले, मग सहा कोरिडोरस आणले. तेही आधी वेगळ्या डब्यात तीन आठवडे ठेवून, कारण त्यातल्या एकाच्या अंगावर साबुदाण्याहून बारीक पांढरे ठिपके निघाले. तो ठिपक्यांचा रोग माझ्या टँकमध्ये गेला असता तर पाचही प्लॅटी त्यात सापडल्या असत्या. कोरी सहाच का? तेही कळपातले. एकटा कोरी दिवसभर दगडामागे बसतो. सहा असले की रांगेनं वाळू चाळत फिरतात, मधूनच एक सुसाट वर जाऊन हवेचा घोट घेतो आणि तितक्याच वेगानं खाली येतो. खाली बारीक वाळू हवी, टोकदार खडीवर त्यांच्या मिशा झिजतात.

अकरा मासे, साडेचार वर्षं होत आली. दोन प्लॅटी म्हाताऱ्या होऊन गेल्या, त्यांच्या जागी दोन आल्या. बाकी काही घडलेलं नाही.

आता मागणी, कारण पत्र मागणीशिवाय छापत नाहीत असं ऐकते. मासे विकणाऱ्यांनी प्रत्येक टाकीवर एक चिठ्ठी लावावी. तिच्यावर पूर्ण वाढीची लांबी, कमीत कमी किती एकत्र ठेवायचे, किती लिटरचा टँक आणि पाणी गार की उबदार, एवढंच लिहावं. ग्राहकानं 'भांडतात का' हे विचारायच्या आधी 'हा केवढा होणार' हे विचारावं. आणि आपण पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा ते गोल भांडं पुन्हा वापरू नये.

त्याऐवजी छापता यावं म्हणून माझ्या टँकचं एक छायाचित्र सोबत पाठवते आहे. त्यात मासे सातच दिसतील. चार कोरी कॅमेरा पाहून लाकडाच्या ओंडक्यामागे गेले आणि अर्धा तास थांबले तरी बाहेर आले नाहीत.

आपली नम्र,
एक निवृत्त रेक्टर